पदवीचे मोल आणि पदवीची किंमत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी लालबाग परिसरातील कित्येक पिढ्यांना अंकगणित शिकविले. उत्तर बरोबर आले तरी रीत विचारल्यावाचून ते वहीवर सही करीत नसत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी मुद्दाम हिशेबाचा विषय निवडला आहे. बारावीनंतर मुलामुलींनी कोठे शिकावे, त्यासाठी किती खर्चावे, आणि खर्चलेल्या पैशाचे चीज होते की नाही हे कशावरून ओळखावे, असा तो विषय आहे. या सभागृहात बसलेल्या अनेक घरांतून हा प्रश्न याच वर्षी सुटावयाचा आहे. उत्तर ज्याचे त्याने काढावयाचे आहे. मी केवळ रीत मांडणार आहे.

आपण जेथे जमलो आहोत, तेथून लालबाग राजवाडा हाकेच्या अंतरावर आहे. त्याचे बांधकाम १८८६ ते १९२१ असे पस्तीस वर्षे, होळकरांच्या तीन पिढ्यांच्या कारकीर्दीत चालले. याच काळात, १८९१ मध्ये, शिवाजीराव होळकरांनी इंदूरात महाविद्यालय स्थापन केले. राजवाडा आणि महाविद्यालय या दोहोंचा खर्च एकाच संस्थानाच्या महसुलातून, म्हणजे अखेर माळव्यातील रयतेच्या घामातून झाला. राजवाड्यावर काय खर्च झाला याचा हिशेब करता येईल, परंतु महाविद्यालयाने काय दिले याचा हिशेब कोणत्या वहीत लिहावा? तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांची, शास्त्रज्ञांची आणि कारकुनांची घरे एका पिढीत बदलली. किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत भेद आहे. किंमत ही एकदाच आणि आज मोजावी लागते, मोल मात्र पुढील चाळीस वर्षांत हप्त्याहप्त्याने हाती येते आणि कधी येतही नाही. या विषयाची सारी अडचण या कालांतरात आहे.

पहिला प्रश्न असा, की महाविद्यालयीन शिक्षणाची किंमत कोण देतो? शिक्षण ‘फुकट’ असते असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणी तरी दुसऱ्याने विकत घेऊन दिलेले असते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात नेमक्या या मुद्द्यावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या कष्टांतून येतो आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, शेतकऱ्याच्या मुलाला मात्र प्राथमिक शाळाही मिळत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हा प्रश्न शिळा झालेला नाही. सरकारी महाविद्यालयात अल्प शुल्कात शिकलेल्या प्रत्येकाने स्वतःस विचारावे, की माझ्या शिक्षणाचा उरलेला खर्च कोणी दिला?

कधी हा खर्च शिक्षकाने दिला आहे. पुण्यात १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. तेथील आजीव सदस्य पंचाहत्तर रुपये मासिक वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेत. गोपाळ कृष्ण गोखले त्यांत होते, धोंडो केशव कर्वेही होते. त्या काळात त्यांच्या योग्यतेच्या माणसाला सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक वेतन मिळाले असते. हा जो फरक, ती त्यांनी विद्यार्थ्यांना दिलेली शिष्यवृत्तीच होती. तिला कोणी ते नाव दिले नाही, एवढेच.

कधी हा खर्च विद्यार्थ्याने आपल्या श्रमांतून दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि साताऱ्यात वसतिगृह उभे केले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर मुलांनी शेतात राबावे, स्वयंपाक करावा, खडी फोडावी आणि शिकावे, अशी ती व्यवस्था होती. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा हे तत्त्व महाविद्यालयापर्यंत पोहोचले. तरीही सारा भार मुलांच्या श्रमांवर निभावला नाही. वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आणि कधी हा खर्च करारावर मिळाला आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारचे आहे. होळकर महाविद्यालय ज्या वर्षी निघाले, त्याच १८९१ साली, १४ एप्रिल रोजी, इंदूरपासून काही कोसांवर महूच्या छावणीत भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्यासोबत एक करारनामा होता. शिक्षण पुरे झाल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी करावयाची, अशी त्यातील अट होती. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. परंतु मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, पण तेथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास घर मिळेना, आणि थोड्याच दिवसांत बडोदे सोडणे भाग पडले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. शिष्यवृत्ती उदार होती आणि तीवाचून पुढचे काही घडते ना. परंतु विद्येची परतफेड ज्या समाजात करावयाची, त्या समाजाने त्या विद्वानास चार भिंतीही देऊ नयेत, हे कोणत्याही करारनाम्यात लिहिलेले नव्हते. पुढे मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० या काळात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज त्यात घातले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. या काळात रमाबाई मुंबईत किती ओढगस्तीने संसार चालवीत होत्या, तोही या शिक्षणाच्या खर्चाचाच भाग आहे. संस्थानाची शिष्यवृत्ती, स्वतःची बचत, राजाचे साहाय्य, मित्राचे कर्ज आणि पत्नीचा उपास, अशा पाच खात्यांतून ती पदवी उभी राहिली. कोणत्याही पदवीचा खरा ताळेबंद मांडू गेल्यास त्यात अशी अनेक खाती निघतात. शुल्काची पावती हे त्यांपैकी केवळ एक असते.

आता अलीकडे येऊ. १९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. त्यानंतर हा खर्च मुख्यतः पालकाने द्यावयाचा, ही रीत रूढ झाली. जागा वाढल्या हा लाभ झाला, पण त्यासोबत देणग्यांचा बाजारही आला, आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्कास मनाई करणारा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. कर्नाटकातील एका प्रकरणावर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहिनी जैन खटल्याचा निकाल दिला. तेथे खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी कोट्यातील विद्यार्थ्यास वर्षाला २ हजार, राज्यातील अन्य विद्यार्थ्यास २५ हजार आणि परप्रांतीयास ६० हजार रुपये शुल्क होते. म्हणजे वर्ग एक, गुरू एक, पदवी एक, परंतु किंमत तीस पट. पुढे १९९३ चा उन्नीकृष्णन, २००२ चा टी. एम. ए. पै आणि २००५ चा इनामदार असे निकाल आले. खासगी संस्थांना चालण्यापुरते व वाढीपुरते शुल्क घेता येईल, नफेखोरी करता येणार नाही, येथपर्यंत न्यायालय आले. आपल्या मध्य प्रदेशात २००७ च्या कायद्याने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या शुल्कनिश्चितीसाठी समिती नेमली गेली. इंदूरच्याच एका दंतवैद्यक महाविद्यालयाच्या याचिकेवर, २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. तेव्हा खासगी महाविद्यालयाने सांगितलेला आकडा समितीने ठरविलेलाच आहे काय, हे विचारणे पालकाचा हक्क आहे. तो विचारताना संकोच वाटू नये.

इंदूरच्या विद्यार्थ्यापुढे आज मार्ग अनेक आहेत. होळकर महाविद्यालय आहे, १९५२ पासूनची गोविंदराम सेक्सरिया तंत्रशिक्षण संस्था आहे, १९४८ पासूनचे महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेले आणि पुढे देवी अहिल्येचे नाव लाभलेले विद्यापीठ आहे. १९९६ मध्ये व्यवस्थापन संस्था आली, २००९ मध्ये आय. आय. टी. आली. त्यांच्या भोवती खासगी महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग यांचे दाट जाळे आहे. या मार्गांची तुलना करताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असे मला सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, फलकावरचा आकडा आणि प्रत्यक्ष द्यावयाचा आकडा हे वेगवेगळे असतात. आय. आय. टी.चे वार्षिक शिकवणी शुल्क २०१६ मध्ये ९० हजारांवरून २ लाख झाले, तेव्हा अनेक घरांनी तो नाद सोडला. परंतु त्याच निर्णयात अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांना, तसेच १ लाखाहून कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील मुलांना हे शुल्क पूर्ण माफ होते, आणि १ ते ५ लाख उत्पन्न असणाऱ्यांना दोन तृतीयांश माफ होते. म्हणजे महाग दिसणारी संस्था कित्येकांना स्वस्त पडते. याउलट, शुल्क बेताचे असलेल्या परगावच्या महाविद्यालयात वसतिगृह, खाणावळ, प्रवास आणि ‘इतर आकार’ मिळवून आकडा दुप्पट होतो. आपल्या घरास काय पडेल, हाच आकडा खरा.

दुसरी गोष्ट, काळ हीही किंमतच आहे. अठरा वर्षांचा मुलगा चार वर्षे शिकतो तेव्हा चार वर्षे कमावीत नाही. समजा, कारखान्यात त्याला महिना १२ हजार रुपये मिळाले असते, तर चार वर्षांचे ५ लाख ७६ हजार झाले. शुल्कमाफी मिळाली तरी ही रक्कम खर्ची पडतेच. गरीब घराला शिक्षण ‘परवडत नाही’ ते बहुधा या न दिसणाऱ्या रकमेपायी. प्रवेशपरीक्षेसाठी एक वर्ष ‘गाळणे’ हाही याच खात्यातला खर्च आहे. एक वर्ष गाळावे की नाही, हा गुणांचा प्रश्न आहे तितकाच पैशाचा आहे.

या दृष्टीने तंत्रनिकेतनाचा मार्ग विचार करण्याजोगा आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळाल्यास आणखी तीन, अशी सहा वर्षे होतात. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची पदवी यांचीही बेरीज सहाच. काळ तितकाच, पण महाविद्यालयाचे एक वर्षाचे शुल्क वाचते. शिवाय तिसऱ्या वर्षाअखेर घरात अडचण आली, तर हाती पदविका असते आणि पीथमपूरच्या औद्योगिक क्षेत्रात कामाची वाट मोकळी असते. तरीही आपल्या मध्यमवर्गीय घरांत तंत्रनिकेतनाचे नाव निघाले, की चेहरे पडतात. ही नापसंती हिशेबातून आलेली नाही, प्रतिष्ठेतून आलेली आहे. प्रतिष्ठेची किंमत द्यावयास हरकत नाही, पण आपण ती देत आहोत, हे ठाऊक असावे.

तिसरी गोष्ट कर्जाची. बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये आली आणि मध्यमवर्गास मोठा आधार मिळाला. पण कर्जाचे अंकगणित घरात बसून एकदा करून पाहावे. समजा, चार वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षाच्या प्रारंभी अडीच लाख, असे एकूण १० लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेतले. शिक्षण चालू असताना आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही. या अवधीत सरळ व्याज साडेतीन लाख होते, आणि परतफेड सुरू होते तेव्हा देणे साडेतेरा लाख असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार ८४० रुपये पडतो, आणि एकूण फेड २१ लाख ४१ हजारांच्या घरात जाते. पहिला पगार ५० हजार असेल, तर एक तृतीयांशाहून थोडा अधिक हप्त्यात जाईल. ते सोसवेल. पगार २५ हजार असेल, तर हाती ७ हजार उरतील, आणि तेवढ्यात परगावी खोलीचे भाडेही निघणार नाही. मग हप्ता वडिलांच्या निवृत्तिवेतनातून जातो. म्हणून महाविद्यालयास विचारावयाचा प्रश्न ‘सर्वांत मोठे पॅकेज किती’ हा नव्हे. एका मुलाला मिळालेले पॅकेज फलकावर झळकते, बाकीच्यांचे पगार फलकावर येत नाहीत. विचारावे असे, की या शाखेत चार वर्षांपूर्वी किती जणांनी प्रवेश घेतला, त्यांतले किती उत्तीर्ण झाले, आणि गुणानुक्रमे मधोमध असलेल्या विद्यार्थ्यास काय मिळाले? आपले मूल पहिले येईल असे धरून कर्ज काढू नये. ते मधोमध राहिले तरी घर उभे राहील, एवढेच कर्ज काढावे.

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये एक निराळी पद्धत स्वीकारली. पदवीधराचे उत्पन्न ठराविक मर्यादेच्या वर गेले तरच करासोबत परतफेड घ्यावयाची, न गेल्यास घ्यावयाची नाही. तेथे अपयशाचा धोका सरकार वाटून घेते, आपल्याकडे तो घरावर पडतो. सोसावयाचे घरालाच आहे, म्हणून सावधगिरीही घरानेच बाळगावी.

आता मोलाकडे वळतो. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये, पुष्कळ श्रम व काळ खर्चून शिकलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली होती. यंत्राने जशी आपली किंमत भरून काढावी, तशी शिकलेल्या माणसाच्या मिळकतीने काढावी, असा त्याचा विचार. हा विचार चुकीचा नाही, अपुरा आहे. महाविद्यालयात आपण तीन वस्तू घेतो: विद्या, शिक्का आणि संगत. विद्या ग्रंथालयातही मिळू शकते, १९८५ पासून इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातूनही मिळते. शिक्का महाविद्यालयाच्या नावावर ठरतो. संगत मात्र ज्याची त्याला शोधावी लागते. कोणत्या महाविद्यालयात यांतले काय चांगले मिळते, हे पाहून पैसे मोजावेत. जेथे केवळ शिक्का मिळतो आणि तोही पुसट, तेथे थोडे शुल्कही महाग आहे.

याच शहरात १९२७ मध्ये दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, डी. जे. जोशी, मकबूल फिदा हुसेन यांचे हात तेथे घडले. त्या काळी एखाद्या पालकाने मुलाला चित्रकलेस घालण्यापूर्वी मिळकतीचा हिशेब केला असता, तर उत्तर ‘नको’ असेच आले असते. हिशेब करावा, असे मी आतापर्यंत सांगत आलो. त्या सांगण्याला येथे मर्यादा पडते. ज्याच्या ठायी ओढ निश्चित दिसते आणि शिकविणारा गुरू खरा आहे, तेथे हिशेब दुय्यम मानावा. मात्र ‘सगळेच जातात’ म्हणून जाणे याला ओढ म्हणत नाहीत.

एक अवघड गोष्ट बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. एकाच घरात मुलासाठी दहा लाखांचे कर्ज निघते आणि तितक्याच गुणांच्या मुलीला ‘जवळचे कॉलेज बरे’ म्हणून सांगितले जाते. तिच्या लग्नासाठी मात्र तेच दहा लाख बाजूला ठेवलेले असतात. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. जवळचे महाविद्यालय वाईट असते असे नव्हे, पुष्कळदा ते उत्तमच असते. परंतु मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी एकच रीत वापरली गेली काय, हे प्रत्येक बापाने आणि प्रत्येक आईने आपल्या वहीत तपासावे. एकाच वहीत दोन रीती चालत नाहीत.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्तीचा निधी उभारला. दान न देता कर्ज देण्यात एक दृष्टी होती. घेणाऱ्याचा मान राहतो आणि फेडलेला पैसा पुढच्याच्या उपयोगी पडतो. त्याच्या पहिल्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया होत्या, हे विशेष. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी असा एक लहानसा निधी उभारावा. तो शुल्कासाठी नको, शुल्कासाठी बँका आहेत. प्रवेशाच्या वेळी एकदम भरावयाची रक्कम, पहिल्या महिन्याची खाणावळ, परीक्षेसाठीचा प्रवास अशा खर्चांसाठी तो असावा. वेळेवर पाच-दहा हजार हाती नसल्याने मिळालेला प्रवेश सुटतो, आणि मग उत्तम महाविद्यालय आणि साधे महाविद्यालय यांतली निवडच उरत नाही. बिनव्याजी द्यावे, फेडावयास मुदत द्यावी, आणि फेडणाऱ्याने पुढच्या एकास जामीन राहावे. यासोबत दर वर्षी निकालानंतर एका रविवारी अकरा ते एक या वेळेत, निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी याच सभागृहात बसावे आणि पालकांना खरे आकडे सांगावेत. माहितीपुस्तिकेतले सांगू नयेत, प्रत्यक्ष भरलेले सांगावेत. याला खर्च शून्य आहे आणि याचे मोल किती, ते पुढील पिढी सांगेल.

गुरुवर्यांच्या पिढीने अल्प वेतनात शिकविले, म्हणून आपले शिक्षण स्वस्त झाले. ते देणे त्यांना फेडता येत नाही, कारण ते आज आपल्यात नाहीत. पुढच्यांस मात्र ते देता येते.